बाह्या विमानात लावू!

सकाळी दहाला विमान उडालं, तेव्हा टेलर मास्तरांच्या मांडीवर होणाऱ्या जावयाचा कोट होता आणि कोटाला बाह्या नव्हत्या.

लग्न त्याच संध्याकाळी सातला, परदेशातल्या एका शहरात. बायको आणि मुलगी आधीच पुढे गेल्या होत्या. "माझा जावई विकतच्या कोटात उभा राहिला, तर मी दुकान बंद करीन!" असं मास्तर व्याह्यांना सांगून बसले होते, मग गिऱ्हाइकांच्या गर्दीत जावयाचं कापड तळाशी गेलं. पण मास्तर निवांत! तिकिटावर सुटायची वेळ दहा, पोहोचायची सहा. आठ तास! तेवढ्यात त्यांनी हत्तीला झूल शिवली असती.

"भावोजी, अंतर साडेतीन हजार किलोमीटर," मेहुण्याने निघताना बजावलं होतं. "साडेचार तासांत उतराल. तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे."

"मग त्यांना दुरुस्त करून घ्यायला सांग!"

तर मास्तरांनी आधी काजं केली, एकेक मुंगीच्या पावलाने. मग जेवले. मग एक डुलकी काढली. शेजारच्या खुर्चीतले काळ्या कोटातले गृहस्थ तर केव्हाच घोरत होते.

"थोड्याच वेळात आपण उतरत आहोत," घोषणा झाली.

मास्तर दचकले. "अहो ताई, माझे अजून साडेतीन तास यायचेत!"

"ते वाटेतच गेले, सर. पट्टा बांधा."

मास्तरांनी पट्टा बांधला आणि सुई उपसली! एक बाही लागली. दुसरी लागता लागता विमान हेलकावे खाऊ लागलं. मास्तर डोळे मिटून टाके घालत सुटले. विमान थांबलं. शेजारी उठले. त्यांच्याबरोबर जावयाचा कोटही उठला!

"हे काय?"

"तुमची बाही आमच्या बाहीला... जरा कोट काढता?"

शेजाऱ्यांनी ओढून पाहिलं. "शर्टही शिवलाय!"

"दुहेरी दोरा आहे," मास्तर नकळत अभिमानाने म्हणाले.

"मग तोडा की दाताने!"

"माझी शिलाई दाताने तुटली असती, तर एवढी वर्षं धंदा केला असता का? आणि कात्री तपासणीत काढून घेतली हो! तुम्ही असं करा, लग्नाला चला."

टॅक्सीत बायकोचा फोन आला. "कोट आणताय ना?"

"आणतोय. कोटाबरोबर एक गृहस्थ आहेत."

"कोण गृहस्थ?"

"ते आता विचारतो."

सातला पाच कमी असतानाची खबर अशी: कात्री आणायला दोघेजण पळालेत. जावयाने कोट अंगात चढवलाय आणि खांद्यापासून कमरेपर्यंत कुठे सुरकुती नाही, हे व्याह्यांनीही कबूल केलंय. शेजारी नवऱ्या मुलाच्या डाव्या हाताशी गुमान उभे आहेत. फोटोग्राफर एवढंच विचारतोय, नवरीला कुठे उभं करू?