अण्णारावांचं अस्सल मेण

"माल नुसता बघितला की ओळखतो मी! हात लावायची जरूर नाही!" असं अण्णाराव दिवसातून चारदा तरी म्हणत. ऐकायला कुणी नसलं तर आरशात बघून म्हणत! इस्लापूरच्या करोडगिरी नाक्यावर ते बारा वर्षं जकात घेणारे अहलकार, म्हणजे कारकून होते. वऱ्हाडातून पैनगंगा ओलांडून निजामाच्या हद्दीत येणारी हरेक बैलगाडी त्यांच्यापुढं उभी राहायची. अण्णाराव पोत्यांभोवती एक फेरी मारत, नाक वर करून वास घेत आणि निकाल देत. निकाल पुष्कळदा चुकायचा. पण अहलकारसाहेबांना चुकलं म्हणायची छाती एकाही गाडीवाल्याची नव्हती. ती फक्त त्यांच्या पत्नीची, केवळाबाईंची होती.

त्या साली त्यांच्या एकुलत्या लेकीला, शिवकन्येला, सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच. पण नांदेडहून तिच्या सासऱ्यांचं, गुरुबसप्पांचं, पत्र आलं: 'तुमचं गाव पडलं रानात. इथं दवाखाना आहे. तरी एकदा येऊन तुमच्याकडचा इंतजाम बघतो, मग सुनेला पाठवायचं की नाही ते ठरवू.'

पत्र ऐकून केवळाबाई चुलीपुढं बसून रडल्या. अण्णाराव खाकरले आणि म्हणाले, "रडतीस कशाला? असा इंतजाम करतो, की ईवाई गुरुबसप्पा तोंडात बोट घालतील!"

"तुमी काईबी करू नका," केवळाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तेवढं केलं तरी लई झालं!"

बाळंतिणीसाठी केवळाबाईंनी वाकळ शिवायला काढली. वापरून वापरून मऊ झालेली लुगडी, दोन जुनी धोतरं, सुया, कात्री, दोऱ्याची सहा रिळं, सगळं जमवून ठेवलं. झालं! अण्णाराव टाक-दौत घेऊन फेहरिस्त लिहायला बसले. एकेका जिनसेवर खूण करत शेवटच्या जिनसेशी अडले.

"हा खडा कसला?"

"मेण हाय. दोऱ्यावरनं फिरवलं की दोरा गुंतत न्हाई."

"बाजारातलं? नकली आहे हे! माझ्या नातवाच्या वाकळीला नकली मेण?" आणि खडा त्यांनी खिडकीतून भिरकावून दिला. "किनवटच्या जंगलातलं अस्सल आणतो!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जंगलातून मध-डिंक आणून विकणाऱ्या भुजंगला गाठलं आणि एक भलं मोठं पोळं उचललं.

"साहेब, आधी ह्यातला मध पिळा," भुजंग म्हणाला. "मग चोथा पाण्यात उकळा, गाळा, तवा कुठं मेण..."

"मला शिकवून राहिला? बारा वर्षं मी माल तपासून राहिलो!"

भुजंगनं हात जोडले. अण्णारावांनी घरी येऊन बाह्या सारल्या, सहाही रिळं उलगडली आणि सगळा दोरा पोळ्यातून ओढून काढला. कोपरापर्यंत चिकट झाले, मिशा चिकटल्या, फेहरिस्तीचा कागद तळव्याला चिकटला तो दुसऱ्या दिवशी सुटला!

"अवो, दोरा सुईत ओवायला ओठात धरला तर गोड लागून राहिला!" केवळाबाई ओरडल्या.

"जंगलातलं मेण गोडच असतं!"

"बोटाला चिकटतोय!"

"हीच तर अस्सलपणाची खूण!"

घरात दुसरा दोरा नव्हता, आठवडी बाजार नुकताच होऊन गेला होता आणि पाहुणे आठवड्यावर आले होते. केवळाबाईंनी दातओठ खात टाका टाका ओढून वाकळ पुरी केली. मुंग्या लागू नयेत म्हणून शिवणं थांबलं की त्या ती तारेवर टांगत.

गुरुबसप्पा सकाळच्या गाडीनं आले. धान्याचे मोठे आडते, भारदस्त देह, बोलणं मोजकं. जेवणं झाली. केवळाबाई आत भांडी आवरत होत्या. तेवढ्यात अण्णारावांनी तारेवरची वाकळ काढून ओसरीवर अंथरली आणि व्याह्यांना तिच्यावर बसवलं.

"ईवाई, हा टाका बघा. अस्सल जंगली मेण! बाजारातलं आणि हे, यातला फरक कसा ओळखायचा सांगतो..."

सांगणं अर्धा तास चाललं. तेवढ्या वेळात ओसरीच्या कोपऱ्यातून मुंग्यांची एक रांग निघाली, वाकळीवर चढली आणि टाक्याटाक्यानं पुढं सरकू लागली. एकही टाका त्यांनी सोडला नाही. गुरुबसप्पा जरा सरकले. अण्णारावांना वाटलं, गोष्ट पटून राहिलीय! गुरुबसप्पा आणखी सरकले, मग एकदम ताडकन उठले.

"मेलो! मेलो!"

ते धोतर झटकत ओसरीभर नाचू लागले. अण्णाराव मदतीला धावले. पाठीवर मुंगी दिसली, दिली चापट! मांडीवर दिसली, दिली चापट! केवळाबाई बाहेर आल्या तर नवरा व्याह्याला बडवून काढतोय!

"अवो! ईवायाला मारून राहिलात?"

आता लेक राहिली नांदेडलाच! केवळाबाई दाराची चौकट धरून मटकन बसल्या. अण्णाराव घामानं निथळले. आपण नसतो तर सगळं किती नीट झालं असतं, हे बारा वर्षांत प्रथमच त्यांच्या ध्यानात आलं.

गुरुबसप्पांनी वाकळ उचलून झटकली. वाकून टाका निरखला, बोट लावलं, बोट चाटलं.

"ह्यो मध हाय."

"मेण..." अण्णाराव पुटपुटले.

"अण्णाराव, मध हाय! ईहीणबाई, एवढ्या चिकट दोऱ्यानं वाकळ तुमी शिवली?"

"जी," त्या खाली मान घालून म्हणाल्या.

"असल्या दोऱ्यानं एवढा सरळ टाका! आणि वर ह्या माणसाला सांभाळून!" गुरुबसप्पा पाठ खाजवत म्हणाले. "मग माझ्या सुनंला सांभाळणं तुमाला काय जड? पुनवंला धाडून देतो."

केवळाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अण्णारावांनाही भडभडून आलं आणि त्या भरात त्यांनी तोंड उघडलं, "मी म्हणतच होतो, माझा माल..."

दोघांनी त्यांच्याकडं बघितलं. वाक्य तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी केवळाबाईंनी बाजारातून नवी रिळं आणली आणि नव्या वाकळीचे थर शिवायला ओसरीवर पसरले. वारा सुटला होता, कापडं उडत होती. एका कोपऱ्यावर त्यांनी पाटा ठेवला, दुसऱ्यावर खलबत्ता, तिसऱ्यावर जात्याचा वरचा दगड. चौथ्यासाठी इकडंतिकडं बघितलं आणि अण्णारावांना हाक मारली.

"बसा हितं. हात मांडीवर. दोऱ्याकडं बघायचंबी न्हाई."

अण्णाराव बसले. वजनात तरी नकली काही नव्हतं!