एल्क, पाच मंगळवार आणि श्रीहरीअण्णा

फुशारकी मारताना माणसाने आधी समोर कोण बसलंय ते बघावं. जयनगरच्या श्रीहरीअण्णांनी ते बघितलं नाही, इथूनच सगळं सुरू झालं.

समोर बसले होते वॉल्टरसाहेब. बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात अण्णा क्वालिटी मॅनेजर आहेत, त्या कारखान्याचं सगळ्यात मोठं अमेरिकन गिऱ्हाईक! जेवताना साहेब सांगत होते, की ते दर सप्टेंबरात धनुष्यबाण घेऊन एल्कची शिकार करतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ, तीनशे किलोचा ऐवज. अण्णांनी दहीभाताचा घास गिळला आणि छाती फुगवून म्हणाले, "धनुष्यबाण? साहेब, आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळुरात आले, ते धनुष्य घेऊनच!"

आता खरं सांगायचं तर पूर्वज फौजेबरोबर आले होते हे बरोबर, पण घोड्यांना हरभरे वाटायला. पुढच्या चारशे वर्षांत त्या घरात अंडंसुद्धा शिरलं नाही.

महिन्याभराने साहेबांची मेल आली. 'सप्टेंबरात बोलणी करायला आमच्याकडे डेन्व्हरला ये. नंतर आपण दोघे शिकारीला जाऊ. कोलोरॅडो, मोन्टाना, वायोमिंग की न्यू मेक्सिको? तू धनुर्धर, जागा तू निवड!'

अण्णांना घाम फुटला. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण डेन्व्हरला त्यांची लेक संपदा राहते आणि सप्टेंबरात नात निधी एक वर्षाची होणार होती. त्या पोरीला अण्णांनी अजून मांडीवर घेतलं नव्हतं. रोज सकाळी फोनच्या काचेवर तिचे गाल कुरवाळायचे आणि मग दिवसभर चष्मा पुसत बसायचे. कंपनीच्या खर्चाने जायची ही एकच संधी होती, आणि ती गेली तर कारखान्यात शेजारच्या टेबलावर रणजीत टपलेलाच होता. रणजीत मूळचा नागपूरचा, सावजी रस्सा पिऊन वाढलेला.

"काहून घाबरता अण्णा?" तो म्हणाला. "तुम्हाला जमत नसेल तर मी जातो न! मला तर आत्ताच भूक लागली."

"मी घाबरलो नाही! जागेचा अभ्यास करतोय!" अण्णा गरजले.

आणि अभ्यास त्यांनी खरंच केला! लोक शिकारीची जागा निवडताना जनावर कुठे जास्त ते बघतात. अण्णा बघत होते, जनावर आपल्या हातून कुठे मरणार नाही. कोलोरॅडो लेकीच्या दारातच, पण साहेब म्हणाले, तिथे परवाना सहज मिळतो. म्हणजे मारावंच लागणार, बाद! मोन्टानात साहेबांच्या मेव्हण्याची जमीन होती आणि एल्क म्हणे पायरीपर्यंत येतात. बाद! वायोमिंगमध्ये अस्वलं. तिथे शिकारी कोण आणि शिकार कोण, हे पोचल्यावर ठरतं. डबल बाद!

राहिलं न्यू मेक्सिको. "तिथल्या एका डोंगराचा परवाना सोडतीने मिळतो," साहेब व्हिडिओवर म्हणाले. "मी वीस वर्षं अर्ज करतोय. एकदाही लागला नाही!"

अण्णांचे डोळे लकाकले. "आणि नाही लागला तर?"

"तर काय, नुसती बोलणी. शिकार पुढच्या वर्षी."

"मग तोच डोंगर! सोप्या जागी शिकार करणं आमच्या रक्तात नाही!"

साहेबांनी हर्षभराने टेबलावर मूठ आपटली आणि दोघांच्या नावाने एकच अर्ज टाकला. अण्णा घरी आले ते शीळ वाजवतच. साप मरणार होता आणि काठीही शाबूत राहणार होती!

घरी अनुसूयाबाईंनी विचारलं, "अमेरिकेचं काय झालं हो?"

आता बायकोला काय सांगणार, की हरीण मारायचा अर्ज केलाय? ती पूजेच्या ताम्हनाने डोकं फोडेल! अण्णा म्हणाले, "एक अर्ज टाकलाय. सोडत आहे, एप्रिलमध्ये कळेल."

बाई समजल्या, हे व्हिसाचं काहीतरी असणार. आणि व्हिसाचं अडलं की जयनगरच्या बायका जे करतात तेच त्यांनी केलं. मंगळवारी लिंबं अर्धी कापून घरीच पिळली, राहुकाळात सालं घेऊन बनशंकरीच्या देवळात गेल्या, ती उलटी केली आणि त्यात तूप घालून दिवे लावले. एक नाही, दोन नाही, पाच मंगळवार! अण्णांना वाटायचं, हल्ली सरबत फार होतंय घरात. उन्हाळा म्हणून ग्लासावर ग्लास पीत राहिले बिचारे.

एप्रिलमध्ये कारखान्यात फोन वाजला. पलीकडून साहेब रडत होते. "श्रीहरी! लागला! वीस वर्षं माझ्या एकट्याच्या नावाने लागला नाही, तुझं नाव जोडलं आणि लागला!"

अण्णा खुर्चीत बसले. खुर्ची तिथे नव्हती. रणजीतने त्यांना उचललं, पाणी पाजलं आणि रिक्षात घातलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळं कबूल केलं. फुशारकी, सांबर, सोडत, सगळं! अनुसूयाबाई ऐकता ऐकता मटकन सोफ्यावर बसल्या.

"अय्यो देवा! म्हणजे मी पाच मंगळवार उन्हात उभी राहून हरणाच्या जिवावर उठले होते?"

"तू दिवे लावलेस?"

"दिवे लावले, आणि नवसही बोललेय! अर्ज लागू दे, हे वर्षभर मुंगीसुद्धा मारणार नाहीत."

"हे म्हणजे मी? नवस तुझा आणि पाळायचा मी?"

"मग? घरात हिंसा कोण करतं? रोज संध्याकाळी ती डासांची बॅट घेऊन तडतड, तडतड! देवीला काय दिसत नाही?"

अण्णा एकदम उठून उभेच राहिले. मुंगीसुद्धा नाही, म्हणजे एल्क तर नाहीच नाही! त्यांनी बायकोचे दोन्ही हात धरले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती, पण इतकी हुशार बायको आपल्याला मिळाली आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. निधीचा वाढदिवसही होणार आणि हातून पापही होणार नाही! डास कानाशी गुणगुणत होता, तोही त्यांना गोड वाटला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी चेहरा पाडून साहेबांना व्हिडिओवर नवसाची हकिगत सांगितली. वॉल्टरसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"देवीला दिलेला शब्द म्हणजे शब्द," ते गंभीरपणे म्हणाले. "बाण मी मारेन. तू मारायचं नाहीस."

"थँक्यू साहेब!"

"तू फक्त मांस वाहायचं. डोंगरात गाडी जात नाही. पंचवीस किलोची एक खेप, अशा चार तुझ्या, चार माझ्या. आजपासून सराव सुरू कर!"

अण्णांनी आशेने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. रणजीत एक हात कमरेवर ठेवून कण्हत होता. "खायचं असतं तर आलो असतो अण्णा. वाहायचं म्हणाल तर माझी कंबर..."

निधीच्या वाढदिवसाचं तिकीट मात्र आलंय. आणि त्या तिकिटापायी जयनगर चौथ्या ब्लॉकात रोज सकाळी सहा वाजता एक मिरवणूक निघते. पुढे श्रीहरीअण्णा, पाठीवर सोना मसुरी तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं, दोन्ही कानांवर डास चावून आलेल्या गांधी. आणि त्यांच्याही पुढे चार पावलं, जमिनीकडे बघत उलट्या चालणाऱ्या अनुसूयाबाई!

"थांबा! मुंगी! स्वल्प डावीकडे! अहो डावीकडे! ...हां, आता टाका पाय!"