अप्पांची तसल्ली

आमच्या शेजारचे अप्पा कधी न पाहिलेल्या गावातल्या, कधी न भेटलेल्या माणसाला फोन लावतात आणि विचारतात, "तुमच्याकडं दिवे लागल्यावर बाया दुकानात येतेत का?"

समोरचा माणूस बहुतेक वेळा फोन ठेवून देतो. अप्पा पुन्हा लावतात. या खेपेला आधी ओळख देतात, की मी उदगीरचा, माझं भांड्याचं दुकान आहे, तुमचंही भांड्याचंच आहे, मोबाईलच्या नकाशात बघून नंबर काढला. मग स्टीलचा भाव काढतात. भावाचा विषय निघाला की जगातला कुठलाही भांडेवाला बोलायला लागतो. तो रंगात आला की अप्पा हळूच मूळ प्रश्नावर येतात.

हा खटाटोप कशासाठी, तर त्या गावाला घरच्यांना घेऊन फिरायला जावं की नाही, हे ठरवण्यासाठी. हॉटेलवाल्यावर अप्पांचा विश्वास नाही, त्याला खोली भरायची असते. जाऊन आलेल्या माणसावरही नाही. तो पैसे घालवून आलेला, त्याला छान म्हणावंच लागतं. "भांडेवाल्याकडं बाया येतेत," अप्पा म्हणतात. "एकट्या येतेत, लेकरू काखंत घेऊन येतेत. किती वाजेपोतर येतेत, त्याच्यावरनं गाव कळतं." हे मला पटतं. बाईच्या सुरक्षेबद्दल इतका शहाणा प्रश्न मी कुठल्याही सरकारी कागदात वाचलेला नाही.

अडचण पुढे आहे. गाव कळतं, पण अप्पा जात नाहीत. "तसल्ली होऊ दे," म्हणतात, आणि ती काही होत नाही. म्हैसूरच्या भांडेवाल्याशी ते कानडीत तासभर बोलले, गाव झकास निघालं, आणि टेकडीवरच्या देवळाला पायऱ्या फार म्हणून रद्द झालं. महाबळेश्वर रद्द, कारण तिथे कडे आहेत. आता महाबळेश्वरला कडे नसतील तर काय असेल? हैदराबाद रद्द, कारण तलावात बोटी आहेत. मी म्हटलं, मग बसू नका ना बोटीत. तर म्हणाले, बोट दिसली की ही बसते म्हणंल.

ही म्हणजे काकू. परळी आणि कपिलधार या देवस्थानांच्या पलीकडे तीस वर्षांत न गेलेल्या.

मी कोण, तेही सांगून टाकते. आमचं घर उदगीरला, अप्पांच्या शेजारीच, पण कामासाठी मी नांदेडला असते, सुटीला येते. आमच्या गटाचं काम एकच आहे. बसस्थानकावर बायकांसाठी पाणी असलेलं, उजेड असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह पाहिजे. पत्रकावर मथळा असतो, 'कडी आमच्या हातात'. हे पत्रक वाटत मी कंधारपासून हिमायतनगरपर्यंत हिंडते. त्यामुळे 'तुझ्या सुरक्षेसाठी' असं म्हणत बाईला घरात ठेवणारा पुरुष दिसला, की माझं डोकं फिरतं.

या हिवाळ्यात ते फिरलंच. अप्पांची मुलगी सुवर्णा लातूरला दिलेली आहे. ती आपल्या लेकीला घेऊन गुहागरला निघाली होती. दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, आईवडील येणार का, एवढंच ठरायचं होतं. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मला एकदा समुद्र बघायचाय, गुडघे अजून चालायलेत, फुडचं कोण बघितलंय.

मी पत्रकच छापलं. एकच प्रत, पण मथळा ठसठशीत: 'तीस वर्षांत एकही समुद्र नाही, जबाबदार कोण?' खाली तीन मागण्या. दुकानात जाऊन अप्पांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा चढवला, शेवटपर्यंत वाचलं, कागद बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "कागद भारी हाय. तिसरी मागणी पहिल्या नंबरला घे."

तिसरी मागणी होती, तारीख आजच जाहीर करा.

तारीख जाहीर झाली नाही, पण गुहागरला फोन सुरू झाले. तिथला भांडेवाला फारच भला निघाला. दिवेलागणीनंतर बाया येतात म्हणाला, नऊपर्यंत येतात म्हणाला. मग खोलीपासून डॉक्टरपर्यंत पायी किती मिनिटं लागतात, ते अप्पांनी त्याला चालून बघायला लावलं. तो चालला. अप्पा म्हणाले, आता घाईत चालून बघा. बिचारा घाईतही चालला. आमच्या गल्लीतल्या कुणी अप्पांचं इतकं ऐकलेलं नाही.

एका रविवारी दुपारी मी दुकानात बसले असताना अप्पांनी खोल्यांच्या मालकीणबाईंना फोन लावला. मला वाटलं, आता ठरतंय. उशा, गरम पाणी, पूजेला जागा, सगळं विचारून झालं. आणि मग हा माणूस म्हणाला, "न्हाणीच्या दाराची आतली कडी तेवढी काढून ठेवा."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

मी उभी राहिले आणि मनात होतं ते सगळं बोलले. बायकांच्या दाराला कडी पाहिजे म्हणून आम्ही चपला झिजवायच्या आणि तुम्ही असलेली कडी काढायला सांगायची? गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, काकू आंघोळीला गेल्या की तुम्ही दाराबाहेर स्टूल टाकून पेपर वाचत बसता. बायको पळून जाईल का काय, असं लोक तोंडावर विचारतात आणि तुम्ही हसून पान उलटता. लाज नाही वाटत? उद्या मी यावर पत्रक काढणार, एक प्रत नाही, हजार प्रती, आणि नावानिशी.

अप्पांनी ताटांची चळत सरळ केली. "लिही," म्हणाले. "नाव नीट लिही."

दुकानामागच्या घरातून काकू आल्या. भाकरी थापत होत्या, हाताला पीठ तसंच.

"त्यांना कामून बोलायलीस? मला फिट येती."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी न्हाणीत फिट आली होती, आतून कडी. अप्पांनी वरवंट्यानं दार फोडलं. त्या दिवसापासून घरातल्या न्हाणीला कडी नाही, आणि बाहेर अप्पा. पुढे सुवर्णा मोठी झाली. फिट येणाऱ्या बाईची पोरगी कोण करून घेणार, म्हणून दोघांनी तोंड बंद ठेवलं. तिचं लग्न झालं, मग बाळंतपण झालं, सांगायचं राहूनच गेलं. गोळ्या चालू आहेत, आता वर्षातून एखादी बारी. पायऱ्या, कडे, पाणी, सगळ्याला नाही म्हणायचं आणि कारण आपल्या भित्रेपणावर ढकलायचं, हे अप्पांनीच ठरवलेलं. लोक हसले तर मला हसू दे, म्हणाले होते.

हजार प्रती तिथंच रद्द झाल्या. तरी राग जात नव्हता. तो कशाचा, हे कळायला जरा वेळ लागला. एका साध्या आजाराचं नाव घ्यायला बाईला तीस वर्षं चोरी व्हावी, याचा होता. मी तेच बोलले. आजार आहे, गुन्हा नाही. त्या मालकीणबाईंना सरळ सांगा ना अप्पा, त्या तुम्हाला भलतंसलतं समजल्या असतील.

"समजू दे," अप्पा म्हणाले. "ते हिचं हाय. मी कोण सांगणारा?"

पदराला हात पुसत काकू म्हणाल्या, "लावा फोन."

अप्पांनी लावला. काकूंनी तो कानाला न लावता तोंडासमोर धरला, म्हणून मलाही ऐकू आलं. "बाई, मघाशी आमचे हे बोलले. मला फिट येती. न्हाणीत कडी नको."

"मग हे आधी नाही का सांगायचं?" त्या बाई म्हणाल्या. "कडी आत्ताच काढते. बाहेरून पडदा लावू? आणखी काय लागेल?"

"एक स्टूल," काकू म्हणाल्या.

ते गेले. चार दिवस राहून आले. आल्यावर मी भेटायला गेले तर काकू अर्धा तास समुद्रावरच बोलत होत्या. पाण्याचा आवाज खोलीपर्यंत येतो, लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, नात कशी किंचाळली, आणि आपण घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिलो ते अप्पांचे दोन्ही हात धरून, अगदी समोरासमोर, ते समुद्राकडे पाठ करून.

निघताना मी दुकानात डोकावले. अप्पा गिऱ्हाइकाला घागर दाखवत होते. मी विचारलं, अप्पा, समुद्र कसा होता?

"मोठा असंल," ते म्हणाले. "ही म्हणायली, लई मोठा हाय."