करुणा मॅडमचा एकांताचा उपाय

करुणा मॅडमचं ठाम मत होतं, की ख्रिस्ती शाळेत भांडण टिकूच शकत नाही. टिकलं, तर मिटवणाऱ्यात खोट!

छावणीतल्या एका मिशन शाळेच्या त्या प्रभारी मुख्याध्यापिका. कायम कुणाला करायचं, हे संस्थेचे सचिव नाताळानंतर ठरवणार होते. त्यात मॅडम नुकत्याच तंटे मिटवण्याचं तीन दिवसांचं शिबिर करून आल्या होत्या, तेही प्रमाणपत्रासकट! आल्या आल्या त्यांनी कचेरीबाहेर ‘तक्रार निवारण कक्ष’ अशी पाटी ठोकली आणि कुणी भांडतंय का, याची वाट पाहत बसल्या.

आठवड्याभरात देवानं ऐकलं.

शेवटच्या तासाला संगीताच्या सोनिया मॅडम अंगणात नाताळची गाणी बसवायच्या. त्याच अंगणात सोमनाथ सर पोरांकडून कबड्डी घोटून घ्यायचे. सरांची शिट्टी वाजली की गाणारे देवदूत चपापून मटकन खाली बसायचे. आणि पेटीचा सूर लागला की चढाईला गेलेला गडी ‘कबड्डी, कबड्डी’ सोडून ‘आलेलूया’ म्हणत बाद व्हायचा!

आधी सोनिया मॅडम तक्रार घेऊन आल्या.

“सोपं आहे,” करुणा मॅडम म्हणाल्या. “बायबलात प्रभूनं तीन पायऱ्यांची पद्धत घालून दिलीय. आधी चुकणाऱ्याकडे एकट्यानं जायचं, एकांतात त्याची चूक सांगायची. आजच संध्याकाळी घरी जा त्यांच्या. फोन नको! समोरचा तयारीत बसतो.”

तासाभरानं सोमनाथ सर आले. त्यांनाही हेच सांगितलं. एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, हे शिबिरात शिकवलं होतं.

मग काय! संध्याकाळी सोनिया मॅडम गारखेड्याहून बजाजनगरला निघाल्या आणि सोमनाथ सर बजाजनगरहून गारखेड्याला. वाटेत कुठंतरी दोघांच्या स्कूटी एकमेकींच्या शेजारून गेल्या असणार.

बजाजनगरात दार उघडलं सरांच्या आईनं, भामाबाईंनी. लासूर स्टेशनहून चार दिवस लेकाकडे आल्या होत्या.

“सर आहेत का? मला त्यांच्याशी एकांतात बोलायचंय.”

भामाबाईंच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. “एकांतात? सून माहेरी गेल्याचं तुला कोणं सांगितलं गं?”

तिकडं गारखेड्यात सोनिया मॅडमचे मिस्टर दारात उभे.

“मॅडमशी एकांतात दोन शब्द बोलायचेत,” सर म्हणाले.

“कशाबद्दल?”

“ते तुमच्यापुढं नाय सांगता यायचं. नियम हाय.”

“कुणाचा नियम?”

“प्रभूचा!”

“प्रभू माझाही आहे,” मिस्टर कडाडले, “मला नाही असला नियम कधी सांगितला!” आणि दार धाडकन बंद!

दुसऱ्या दिवशी दोघंही कचेरीत थडकले. करुणा मॅडम जराही डगमगल्या नाहीत. “पहिली पायरी फसली, की दुसरी. एक-दोन साक्षीदार आणून बसायचं.”

साक्षीदार आणायची गरजच नव्हती. ते आलेलेच होते. सोनिया मॅडमचे मिस्टर रजा टाकून आले होते, भामाबाई पदर खोचून आल्या होत्या, आणि सासूचा फोन गेल्यामुळं सरांची बायको विशाखा पहाटेची गाडी पकडून माहेराहून थेट शाळेत उतरली होती, बॅगेसकट!

“आपण शांतपणे भावना व्यक्त करू,” करुणा मॅडम म्हणाल्या.

आणि भावना अशा व्यक्त झाल्या, की पलीकडच्या वर्गातला फळा हलला!

“मी घटस्फोट घेईन!” विशाखा ओरडली.

“अगं, शिट्टीपायी?” सर काकुळतीला आले.

“आता शिट्टीपण वाजिवतोस व्हय तिला?” भामाबाईंनी कपाळावर हात मारला.

तिसरी पायरी म्हणजे सगळ्या मंडळीला कळवणं. तेही आपोआप झालं. दोन्ही खिडक्यांत अख्खी शाळा लटकली होती, आणि दारात नाताळची तयारी बघायला आलेले संस्थेचे सचिव उभे होते!

करुणा मॅडम त्यांच्यासाठी खुर्ची शोधू लागल्या.

“गप बसा समदे!” भामाबाई गरजल्या. सचिवही दचकून सरळ उभे राहिले. “पोरी, आमच्या घरी तुला कोणं धाडलं?”

“करुणा मॅडमनी.”

“अन् तुला रे?”

“करुणा मॅडमनीच.”

“येकाच दिशी?”

सगळ्यांच्या माना करुणा मॅडमकडे वळल्या. मॅडम टेबलावरचं पेपरवेट निरखू लागल्या.

“बाई, देवानं येकट्यानं जा म्हणलं असंल,” भामाबाई म्हणाल्या, “पन समोरचा घरी असताना जा, हे काय येगळं सांगाया लागतंय व्हय? आता मला सांगा, भांडण कशाचं हाय?”

सोनिया मॅडमनी सांगितलं.

“सोमनाथ, मागं मैदान नाय का?”

“हाय. पन तिथं लई ऊन लागतं.”

“कबड्डी खेळणाऱ्याला डिसेंबरात ऊन लागतं! उचल ती शिट्टी, अन् जा मागं!”

सर गेले. मागोमाग बॅग घेऊन विशाखाही गेली, नवऱ्याला घाम आला असेल म्हणून! मिस्टरांनी हळूच सोनिया मॅडमची पेटी उचलून अंगणात नेऊन ठेवली. दोन मिनिटांत कचेरी रिकामी!

सचिव करुणा मॅडमच्या टेबलाशी आले. “आपल्या संस्थेतले दोन विश्वस्त अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना समोरासमोर बसवून मिटवायचंय.”

मॅडमना धुगधुगी आली. “मी तयार आहे सर! कधी येऊ?”

“तुम्ही? नको, नको,” सचिव घाईघाईनं म्हणाले. “मंगळवारी भामाबाई मोकळ्या आहेत का, तेवढं विचारून सांगा.”