कापसाची खोली

दिगूभाऊ ढोले कुठल्याही शेतकऱ्याला भेटला की पहिला प्रश्न विचारायचा, "कापूस विकला का?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा खुलायचा. विकला म्हटलं की कुणीतरी गेल्यासारखा हळहळायचा. अनोळखी माणसांना तो दलाल वाटे. पण त्याला भावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला खोली हवी असायची.

आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. एखादी खोली पार आढ्यापर्यंत भरते आणि माणसं ओसरीवर झोपतात. अशा खोलीत आवाज अजिबात घुमत नाही, हा दिगूभाऊचा शोध. दाराजवळ एक माणूस मावेल एवढा कापूस बाजूला सारून तो आत शिरायचा, दार लावून घ्यायचा आणि मोबाइलवर स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचा. बाहेर यायचा तेव्हा केसांत, भुवयांत, मिशीत कापूस आणि अंगभर खाज. "मुंबईच्या स्टुडिओत एसी असते," मान कराकरा खाजवत तो सांगायचा, "पण असा सन्नाटा नाई भेटत, सर."

सर म्हणजे मी. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेला. पिपरी मेघे गावात आम्हा दोघांच्या घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. तो एकटाच राहतो.

मुंबईला तो तरुणपणी गेला होता. एका कंपनीला त्याचं गाणं आवडलं. शब्द आवडले, चाल आवडली, फक्त त्याचा आवाज 'गावठी' निघाला. कागदावर सही घेतली आणि गाणं दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. ते गाजलं. पुढे दिगूभाऊनं ते स्वतः गाऊन नेटवर टाकलं, तर दुसऱ्याच दिवशी काढून टाकल्याची सूचना आली: हे गाणं तुमचं नाही. ती त्यानं मला भिंतीवरून मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाला, "बरोबर हाय. आपल्या मालकीचं काय, तं खोकला."

हे त्याचं पालुपद होतं. आणि खोकला खरोखरच त्याचा होता, कापसाच्या तंतूंनी कमावलेला.

पोटासाठी तो लग्नांत माइक आणि स्पीकर लावायचा. प्रत्येक वरातीत तेच गाणं वाजे, त्याच्याच स्पीकरवर, दुसऱ्याच्या आवाजात. तेवढा वेळ तो मांडवामागे जाऊन वायर तपासत बसे. एकदा एका नवरदेवाच्या मामानं त्याला ओढत आणलं. "अबे, वायर काय पाहून राह्यला? नाच ना! गाणं पाह्य कसं भारी हाय!"

दिगूभाऊ नाचला. मी पाहिलंय.

नव्या गाण्यांना मात्र ऐकणारं कुणी मिळेना. अल्लीपूरचे महादेवराव त्याला दर हंगामात खोली देत, पण गाणं त्यांनीही कधी ऐकलं नाही. ते म्हणत, "गाते तं गाय बाबू, पण कापसावर लोळू नोको. दाबला तं भाव नाई भेटत." नेटवर त्याला नियमानं ऐकणारं एकच माणूस होतं. माझी बायको, सुमन.

ती दोन वर्षं अंथरुणावर होती. दुखण्यामुळे झोप येत नसे. दुपारी मी उशाशी मोबाइल ठेवायचो, दिगूभाऊचं गाणं लावायचो आणि अर्ध्या गाण्यात तिचा डोळा लागला की गाणं तसंच चालू ठेवून बाहेर यायचो. मी त्याला चिडवायचो, "तुझं गाणं म्हणजे झोपेची गोळी आहे." तो खूश व्हायचा. "मुंबईवाल्याह्यनं मले झोपवलं. मी निदान वहिनीले झोपवतो."

त्याच काळात नागपूरहून गाण्यांच्या एका कंपनीचा माणूस गाडी घेऊन त्याच्याकडे आला. आवाज तुमचा, नाव तुमचं, हक्कही तुमचा, म्हणाला. अट एकच होती. नव्या गाण्याचा शेवट फार हळू पडतो. तिथे ढोल-ताशा घालायचा, म्हणजे वरातीत चालेल. दिगूभाऊनं त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

मी भडकलो. "अरे, जन्मभर हेच मागत होतास ना?"

"मांगत होतो."

"मग?"

"शेवट नाई बदलणार." एवढं म्हणून तो खोकत राहिला.

मला तो कलावंताचा माज वाटला.

उन्हाळ्यात सुमन गेली. तेरवी झाल्यावर घर रिकामं झालं. दुपारी हात सवयीनं मोबाइलकडे गेला आणि तिला लावून द्यायचो ती गाणी मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली. त्याच्या जुन्या गाण्यांत अखेरीपर्यंत ढोलकी होती. या दोन वर्षांतल्या प्रत्येक गाण्यात ती मध्येच थांबत होती. मग आवाज खाली येई, शब्द संपत, नुसतं गुणगुणणं उरे आणि तेही कधी संपलं ते कळत नसे.

मी भिंतीपाशी गेलो. तो वायर गुंडाळत होता. ढोलकी मध्येच का थांबते, ते मी विचारलं.

"वहिनी एकडाव बोलल्या होत्या," तो मान वर न करता म्हणाला. "'भाऊजी, डोळा लागते, पण शेवटची ढोलकी मेली उठवून देते. मंग पुन्हा झोप नाई लागत.'"

वायरचं सुटलेलं टोक मी भिंतीवरून त्याच्या हातात दिलं. मग म्हणालो, "आता बदल शेवट. नागपूरला फोन कर."

"केला होता. त्याले दुसरा भेटला."

या हिवाळ्यात महादेवरावांची खोली भरली, तेव्हा तो मला सोबत घेऊन गेला. दार उघडलं. आत पांढरी भिंत उभी होती. "आज पुऱ्या आवाजात गातो, सर," तो म्हणाला. "आता झोपमोड कोणाची व्हाची हाय?"

तो आत गेला आणि दार लावून घेतलं. मी ओसरीवर उभा राहिलो, मग दाराला कान लावला. कापसानं सगळं पिऊन टाकलं होतं.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. पापण्यांवर कापूस, गळ्याच्या शिरा अजून फुगलेल्या.

"बाहेर आलं का काही ऐकू?"

"नाही."

"मंग खोली बरोबर हाय," तो म्हणाला आणि खोकला.

मग त्यानं हात पुढे केला. आत जाताना त्यानं आपला मोबाइल माझ्याकडेच धरायला दिला होता.