वासुदेवकाकांची घडीची खुर्ची

डोणगावहून बुलढाण्याला निघालेल्या एस.टी.त एखादी घडीची लोखंडी खुर्ची प्रवास करताना दिसली, तर तिला धरून बसलेल्या माणसाला माझा नमस्कार सांगा. ते वासुदेवकाका. महिन्यातून एकदा ही खुर्ची बुलढाण्याला जाते. तिचा इतका प्रवास झालाय की चिखलीचा थांबा जवळ आला की ती आपणहून करकरते आणि ड्रायव्हर ब्रेक दाबतो.

कंडक्टर एकदा म्हणाला, "काका, हिचं अर्धं तिकीट फाडू काय?"

"फाड. पण मंग हिले खिडकी लागते."

कंडक्टरनं पुन्हा विषय काढला नाही.

काकांचा दुसरा छंद म्हणजे एकच प्रश्न: "आमाले इचारलं का?" भाजीत तिखट जास्त झालं, आमाले इचारलं का? पुतण्याच्या वरातीत बँडवाल्यानं गाणं बदललं, तर काकांनी क्लॅरनेटच्या तोंडावर हात ठेवून हेच विचारलं. वरात जागच्या जागी थिजली, घोडीसुद्धा विचारात पडली. एका उन्हाळ्यात त्यांनी हाच प्रश्न सूर्याला केला आणि तो खजील होऊन ढगाआड गेला, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.

माझं मेहकरला केस कापायचं दुकान आहे. लोक येतात केसांच्या निमित्तानं, बसतात थापा ऐकायला. टक्कल पडलेलेही नंबर लावतात.

मध्यंतरी माझं डोकं बिघडलं. झोप गेली. आरशातला माणूस माझ्याआधी बोलतो असं वाटायला लागलं. ही मात्र थाप नाही. बायकोनं बुलढाण्याच्या डोक्याच्या दवाखान्यात नेलं. ती चिठ्ठी काढायला गेली आणि मी बाकावर पुटपुटत बसलो. शेजारची माणसं एकेक करून दूर सरकली. तेवढ्यात खाट्कन आवाज झाला. माझ्या बाजूला एक लोखंडी खुर्ची उघडली होती आणि तिच्यात टोपीवाले एक गृहस्थ बसत होते.

"मीबी इथलाच पेशंट हावो. जुना. बोलाचं नसन तर नोको बोलू."

काका तिथले नुसते पेशंट नाहीत. पूर्वी तिथे आजाराच्या नावासकट पेशंटला मोठ्यानं हाक मारायचे. काकांनी डॉक्टर मॅडमसमोर जाऊन आपला प्रश्न टाकला. मॅडम म्हणाल्या, "नाही विचारलं. चुकलं आमचं. सांगा, कसं करू या?" जन्मात पहिल्यांदा कुणी उत्तर दिलेलं पाहून काकाच म्हणे खुर्चीसकट मिटले. तेव्हापासून मॅडम, सिस्टर आणि आम्ही पेशंट महिन्यातून एकदा गोल करून बसतो आणि दवाखाना कसा चालावा ते ठरवतो. भांडतोही. कधी मॅडमचं खरं होतं, कधी आमचं.

गोळ्यांनी मला झोप लागली. आरशातला माणूस गप्प झाला. पण मीही गप्प झालो. दुकानात नुसता कात्रीचा आवाज. घरचे खूश, 'शांत झाला' म्हणून. काका मात्र दुकानात येऊन गिऱ्हाइकांकडे चौकशी करून गेले आणि पुढच्या बैठकीत उभे राहिले.

"म्याडम, हा बरा नाई झाला. हा बंद झाला. याच्या थापा गेल्या."

"काका, जास्त बोलणं हे आजाराचं लक्षणही असू शकतं."

"तुमच्यासाठी लक्षण असन. त्याचा तो धंदा हाये."

मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय हवंय?"

"बोलायचंय," मी म्हणालो. त्या महिन्यातलं माझं ते सगळ्यात लांब भाषण.

मॅडमनी गोळी बंद नाही केली. मला विचारत विचारत, जराजरा करून बदलली. कुठे थांबायचं ते दोघांनी मिळून ठरवलं. दिवाळीच्या सुमारास माझ्या तोंडून पहिली थाप निघाली, तेव्हा गिऱ्हाईक एवढं हसलं की त्याचा कान थोडक्यात वाचला.

आता दवाखान्यात खुर्च्या भरपूर आल्यात. मी विचारलं, "काका, आता ही काऊन वाहून राह्यले?"

"मी पयल्यांदा आलो ना, तवा माझ्या बाजूची खुर्ची दिवसभर खाली राह्यली," काका म्हणाले. "खाली खुर्ची लय मोठी दिसते बे."

मागच्या महिन्यात एस.टी.तून खुर्ची उतरली नाही. मी डोणगाव गाठलं. काकांची भावजय दारातच म्हणाली, "कोणाशीच बोलत नाईत. दवाखान्यात चला म्हटलं तर भिंतीकडे तोंड करतात."

काका तसेच पडले होते. खुर्ची दारामागे मिटलेली. मी ती आणून खाटेशेजारी उघडली.

"काका, बसू का? तुमाले इचारून राह्यलो."

मी उभाच राहिलो. बऱ्याच वेळानं गोधडीतून एक हात बाहेर आला आणि खुर्ची थोपटून परत आत गेला.

मी बसलो. "गोष्ट सांगू? खरी सांगू का खोटी?"

"खोटी," काका भिंतीला म्हणाले. "खरी मले माईत हाये."