जरा बगा की

"मिक्सर तंत्रज्ञानात येतोय काय?" भाकरी थापता थापता सुलाबाईंनी विचारलं आणि त्यांच्या दोन कॉम्प्युटर इंजिनियर मुलांचं भांडण क्षणभर थांबलं.

"न्हाय," रचना म्हणाली.

"येतोय की," दीपंकर म्हणाला.

भांडण पुन्हा सुरू झालं.

भांडणाचा विषय होता ‘अर्धविराम’. ही या बहीणभावांनी काढलेली वेबसाइट. प्रोग्रामिंग करताना अडलं तर मराठीत प्रश्न विचारायचा आणि मराठीतच उत्तर मिळवायचं, एवढंच तिचं काम. नाव रचनाने ठेवलं होतं. प्रोग्राममध्ये एक अर्धविराम राहिला की सगळं बंद पडतं, असा त्यामागे खोल अर्थ होता. निपाणी हायवेलगत असल्यामुळे तो अर्थ लोकांपर्यंत पोचला नाही; त्यांना ते लॉजचं नाव वाटलं. सुरुवातीला फोन आले ते एसी रूमचा दर विचारायला. एकाने तर "नॉनव्हेज मिळतंय न्हवं?" एवढीही खात्री करून घेतली.

साइटवरचे बहुतेक प्रश्न दीपंकरचे असत आणि बहुतेक उत्तरं रचनाची. दीपंकर निपाणीत घरीच बसून लोकांना वेबसाइट करून द्यायचा. त्याची थोरली बहीण रचना बेळगावात एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि रविवारी घरी यायची. बाकीचे सभासद म्हणजे काही विद्यार्थी, काही नातेवाईक आणि सदलग्याचे परशराम. परशराम रूम शोधत आले होते आणि अजून आशेवर होते.

"आक्का, जग कुठं चाललंय बघ जरा," दीपंकर म्हणाला. "नुसत्या प्रोग्रामिंगवर किती दिवस काढायचे? मोबाइल, वायफाय, स्मार्ट टीव्ही... इतर तंत्रज्ञानबी घेऊया की. चार माणसं तरी येतील."

"माणसं येतील, पण कशाला येतील ते कळालंय काय तुला? मला पायथॉन विचारा, जावा विचारा. पण कुणी टीव्हीचा रिमोट विचारला की मी साइट सोडली म्हणून समज. आणि माझी उत्तरं संगट घेऊन जाणार."

धमकी साधी नव्हती. रचनाची उत्तरं गेली तर साइटवर फक्त दीपंकरचे प्रश्न उरले असते, आणि ते वाचून त्याला कुणीही काम दिलं नसतं.

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या मायाप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडलांनी, चष्मा काढला. मायाप्पा एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. अर्ज परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. निरोप समारंभात साहेब म्हणाले होते, "मायाप्पांच्या टेबलावरून जो अर्ज पुढे आला, त्याला मी न वाचता सही केली." ते खरं होतं. असे अर्ज फारच थोडे होते.

"आठ दिवस प्रायोगिक तत्त्वावर घ्या," मायाप्पा म्हणाले. "मग सभासदांचं मतदान घ्या. जे काय ठरंल ते लेखी पाहिजे."

दोघांनी मान्य केलं. दीपंकरने ‘इतर तंत्रज्ञान’ नावाचा विभाग उघडला आणि ‘काहीही विचारा’ अशी सूचना टाकली. सुलाबाईंनी ती विहाराच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पुढे ढकलली. तिथून ती कुठे कुठे गेली, ते कुणालाच सांगता येणार नाही.

इथे एका सोयीबद्दल सांगायला हवं. प्रोग्राममधल्या चुकीला बग म्हणतात. रचनाला बग शोधायची भारी हौस. म्हणून दीपंकरने तिला एक सोय करून दिली होती. साइटवर कुणीही ‘बग’ ही दोन अक्षरं लिहिली, की रचनाच्या फोनवर सायरन वाजायचा. फोन गप्प करून ठेवला असला तरी वाजायचा. आजवर तो क्वचितच वाजला होता, आणि वाजला तेव्हा रचना जेवणावरून आनंदाने उठली होती.

सोमवारी महिला मंडळाच्या रुक्माबाईंनी पहिला प्रश्न टाकला. "मिक्सर नुस्ता घुर्र करालाय, फिरंना झालाय. जरा बगा की."

रचना त्या वेळी मीटिंगमध्ये होती. बंगळुरूहून मोठे साहेब आले होते. सायरन वाजला तसे सगळे उभे राहिले. एकजण जिन्यापर्यंत पोचलासुद्धा. रचनाच्या फोनवर लाल अक्षरांत ‘तातडीचा बग’ असं झळकत होतं.

"आपला आहे?" साहेबांनी घाबरून विचारलं.

"नाही सर," रचना म्हणाली. "मिक्सरचा आहे."

पाच मिनिटांत निपाणीला फोन आला.

"दीप्या, मिक्सर माझ्या मीटिंगमध्ये कसा आला?"

"आक्का, त्यांनी ‘बगा’ लिवलंय. ‘बगा’मधी ‘बग’ हाय."

"आपल्या भागात ‘बगा’ म्हटल्याबिगर मदत कोण मागतंय रं?"

"कोणच न्हाय," दीपंकरने प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग लोकांस्नी सांग, ‘बघा’ म्हणून शुद्ध लिवा."

दीपंकरने तशी सूचना टाकली. सदलग्याहून परशरामांचं लगेच उत्तर आलं, "व्हय व्हय, बगतो." बेळगावात सायरन वाजला.

दुपारी चिकोडीकडच्या एका गृहस्थांनी देवनागरीतच, पण कन्नडमध्ये विचारलं, "पंपसेट बग्गे माहिती बेकु." कन्नडमध्ये बग्गे म्हणजे विषयी आणि बेकु म्हणजे पाहिजे. म्हणजे मराठीत मदत मागितली तरी बग, आणि कन्नडमध्ये कशाहीविषयी विचारलं तरी बग. सीमाभागात एवढी एकवाक्यता पूर्वी कधी झाली नव्हती.

मंगळवारी दीपंकरने यावर इलाज काढला. साइटवरच्या सगळ्या ‘बग’चं आपोआप ‘बघ’ होईल अशी एक छोटी आज्ञा त्याने लिहिली. त्याला ती फक्त नव्या प्रश्नांवर चालवायची होती. ती सगळीकडे चालली.

रचनाची आजवरची सगळी उत्तरं बदलली. "तुमच्या प्रोग्राममध्ये बघ आहे. आधी बघ शोधा. हा बघ फार जुना आहे." एका विद्यार्थ्याने काकुळतीने लिहिलं, "मॅडम, मघापासून बघतोय, पण नक्की काय बघू?"

त्यात आणखी एक झालं. सायरन वाजवणाऱ्या प्रोग्राममध्येही ‘बग’ हा शब्द होताच. तोही ‘बघ’ झाला. आता कुणी ‘बगा’ लिहिलं की साइट त्याचं ‘बघा’ करायची, आणि ‘बघा’ दिसलं की सायरन वाजायचा. शुद्ध लिहिणारे इतके दिवस सुटत होते, तेही आता सापडले. ‘बग्गे’चं ‘बघ्गे’ झालं. ते कुठल्या भाषेतलं, यावर चिकोडीकडून वेगळी विचारणा आली.

"पहिल्यासारखं कर," रचना फोनवर म्हणाली. ती कंपनीच्या पार्किंगमध्ये उभी होती. फोन घेऊन आत यायचं नाही, असं तिला सांगण्यात आलं होतं.

"करता येईना झालंय गं. सगळे ‘बघ’ परत ‘बग’ केले तर जे पहिल्यापास्नं ‘बघ’ होते, तेबी ‘बग’ होतील. खरे बघ कुठले आणि बगाचे झालेले बघ कुठले, मला कळंना."

"माझी सगळी मेहनत घालवलास तू दीप्या."

"आक्का, बघ..."

"बघ म्हणू नकोस!" रचनाने फोन ठेवला.

त्यानंतर तिने साइटवर एक अक्षर लिहिलं नाही. दीपंकरच्या मेसेजलाही उत्तर दिलं नाही. कायमची गेली की रागाने गप्प आहे, हे कळायला मार्ग नव्हता. दीपंकर दिवसभर पडद्यासमोर बसून एकेक ‘बघ’ डोळ्यांनी तपासू लागला आणि संध्याकाळपर्यंत त्याला त्या शब्दाचा अर्थच लागेनासा झाला.

"आप्पा," तो वडलांना म्हणाला, "मी ह्यात अडकलोय. नवीन प्रश्न तेवढे तुमी चाळा. नको असलेला बंद करायचा, बरा असलेला मंजूर करायचा. हे बटण हे, ते बटण ते."

मायाप्पांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच रंग आला. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले. शेरे पडू लागले. ‘मिक्सरची कंपनी नमूद नाही. परत.’ ‘एकाच अर्जात टीव्ही व फ्रिज. स्वतंत्र अर्ज करावेत.’ ‘पंपासोबत शेजाऱ्याची तक्रार जोडली आहे. ती वगळून पुन्हा सादर करावे.’

दीपंकरला वाटलं, आता उरलेसुरले लोकही जाणार. झालं उलटंच. प्रश्न परत येतोय म्हणजे ही जागा खरी आहे, असा लोकांचा विश्वास बसला. लोक नीट लिहू लागले. परशराम सगळ्यांच्या पंपाच्या मोटरींबद्दल उत्तरं देऊ लागले. रुक्माबाईंच्या मिक्सरचं भांडंच उलटं बसवलेलं निघालं, तेव्हापासून त्या इतरांना भांडं सुलटं बसवायला सांगू लागल्या. सभासद वाढतच गेले.

शनिवारी मतदान झालं. ठरावाचा मसुदा अर्थातच मायाप्पांचा होता. ‘अर्धविरामने इतर तंत्रज्ञान समाविष्ट करावे किंवा कसे?’

निकाल लागला. ‘करू नये.’ तोही दणदणीत.

रविवारी रचना घरी आली ती दीपंकरकडे न बघता. पण निकाल वाचल्यावर तिच्याने राहवलं नाही. "कळालं?" ती भिंतीकडे बघून म्हणाली. "लोकांस्नीबी कळतंय. काही घरच्या माणसांस्नीच कळत न्हाय."

दीपंकरला मात्र हे पटेना. मिक्सरवाल्यांनी मिक्सर नको म्हणून मत कसं दिलं? त्याने परशरामांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"परशरामअण्णा, तुमी ‘करू नये’ म्हणून मत दिलासा?"

"व्हय तर. मोटर हाय, मिक्सर हाय, टीव्ही हाय, लई झ्याक चाललंय. मधीच ते इतर कशाला घुसडालाय?"

"इतर म्हंजे कुठलं?"

"आता ते काय रं... कंस, टिंबं... आणि ते सापाचं. पायथॉन. बायकामाणसं वाचत्यात, बरं दिसत न्हाय."

रचनाने घाईघाईने साइट उघडली. तिची झाडून सगळी उत्तरं कुलूपबंद होती. प्रत्येकाखाली शेरा होता, ‘विषयबाह्य. योग्य विभागाकडे अर्ज करावा.’

"आप्पा! अवो, ही साइट प्रोग्रामिंगची हाय!"

"असंल," मायाप्पा शांतपणे म्हणाले. "पण ठराव झालाय. इतर घ्यायचं न्हाय. अंमलबजावणी केली."

"पण साइट मी काढलीया!"

"स्थापना कुणी केली, हा मुद्दा ठरावात न्हवता."

रचना तडक स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिथून कांदा चिरल्याचा आवाज येऊ लागला. कांद्याने एवढं काय केलं होतं कोण जाणे.

दीपंकर कॉम्प्युटरपाशी बसला. साइटचं काहीही होवो, आक्काची उत्तरं तरी जशीच्या तशी परत आणायला हवी होती. ते जमेल असं माणूस एकच होतं, आणि ते कांदा चिरत होतं. तोंडाने विचारायची त्याची छाती होईना. त्याने साइटवरच प्रश्न टाकला. ‘आज्ञा चुकून सगळीकडे चालल्यास मूळ शब्द परत कसे मिळवावेत?’

शेजारच्या खुर्चीतून मायाप्पांनी बटण दाबलं. ‘विषयबाह्य.’

"आप्पा, मी हितंच बसलोय की. तोंडानं सांगायचं न्हवं."

"लेखी आलं, लेखी गेलं."

दीपंकरने डोकं खाजवलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. ‘आमच्या घरचं एक यंत्र माझ्याच हातनं बिघडलं आहे. ते दुरुस्त करणारी एकच व्यक्ती आहे आणि ती माझ्याशी बोलत नाही. चूक माझी आहे. जरा बघा.’

मायाप्पांनी वाचलं. मग चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं.

"यंत्र कसलं?"

"घरचंच."

"कंपनी नमूद न्हाय."

"घरचीच हाय की आप्पा."

मायाप्पांनी प्रश्न पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. मग सगळ्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. एकही त्रुटी न काढता त्यांनी ‘मंजूर’ दाबलं.

स्वयंपाकघरात सायरन वाजला.

दीपंकर ताठ बसला. म्हणजे एवढं रामायण होऊनही आक्काने सायरन काढून टाकला नव्हता. कांदा चिरल्याचा आवाज थांबला. सायरनही थांबला. मग दीपंकरच्या प्रश्नाखाली उत्तर उमटलं.

‘बघते.’

आणि त्यातही ‘बघ’ असल्यामुळे स्वयंपाकघरात पुन्हा सायरन वाजू लागला.

"अगं, त्यो फोन तरी बगा गं कुणीतरी!" सुलाबाई ओरडल्या.